न दिलेला हुकूम

शाळेत इतिहास शिकवताना एक गोष्ट मला वारंवार जाणवत आली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला इतिहास हा दिलेल्या हुकमांचा इतिहास असतो. अमक्या बादशहाने स्वारीचा हुकूम सोडला, तमक्या सेनापतीने कूच करण्याची आज्ञा केली, अमुक गव्हर्नराने फर्मान काढले. आणि मग जे काही बरेवाईट व्हायचे ते झाले. मुले सनावळ्या पाठ करतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि निकालाच्या दिवसापर्यंत विसरूनही जातात. परंतु जो हुकूम द्यायला हवा होता आणि जो कोणी दिलाच नाही, त्याची नोंद कोणत्या बखरीत सापडायची? न घडलेल्या गोष्टीचे स्मारक कोण उभारणार?

आज वाचकांना अशाच एका न दिलेल्या हुकमाची हकीकत सांगण्याचे मी योजले आहे. विद्यापीठांत 'लोकप्रशासन' नावाचा एक विषय शिकवतात. नाव ऐकूनच जांभई यावी असा. सरकारी खाती, त्यांचे अधिकार, कोणाचा कागद कोणाकडे जावा, संकटकाळी कोणी कोणाचे ऐकावे, या गोष्टींचा त्यात विचार असतो. सणासुदीच्या दिवसांत असला रुक्ष विषय कशाला, असे म्हणून वाचकाने पान उलटू नये. कारण हा विषय पुस्तकाच्या पानांत रुक्ष असला तरी धक्क्यावर, रस्त्यावर आणि पेटलेल्या घराच्या दारात तो माणसांच्या जिवाशी येऊन भिडतो. मुंबईच्या गोदीत १९४४ साली तो तसा भिडला.

*

सन १९४४, एप्रिल महिना. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. ब्रह्मदेश ओलांडून आलेल्या जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमाच्या भोवती पाय रोवून बसल्या होत्या. बंगालच्या दुष्काळाला अजून वर्षही लोटले नव्हते. मुंबई बंदर युद्धसामग्रीने गजबजून गेले होते. माल उतरायचा, रेल्वेवर चढायचा आणि पूर्वेच्या आघाडीकडे निघायचा; रात्रंदिवस हेच चालले होते.

१२ एप्रिलला 'फोर्ट स्टिकीन' नावाची सात हजार टनांची बोट व्हिक्टोरिया गोदीत येऊन धक्क्याला लागली. कॅनडात १९४२ साली बांधलेली ही बोट फेब्रुवारीच्या अखेरीस इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघाली होती. तिच्या पोटात जवळजवळ चौदाशे टन स्फोटके होती : तोफगोळे, पाणतीर, सुरुंग आणि इतर दारूगोळा. शिवाय सोनेही होते. एकतीस पेट्यांत मिळून एकशे चोवीस विटा. त्या वेळच्या हिशेबाने किंमत दहा लाख पौंडांच्या जवळपास.

वाटेत बोट कराचीला थांबली. तिथे काही माल उतरला आणि रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपे, लाकूड, असा माल चढला. कप्तान नेस्मिथ याला हे पसंत नव्हते. कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी ठेवू नयेत एवढे कळायला दर्यावर्दी असावे लागत नाही; आपल्या घरातली आजीसुद्धा चुलीजवळ कापूस ठेवू देत नाही. परंतु युद्धाच्या दिवसांत जहाजातली रिकामी जागा ही चैन समजली जाई. कप्तानाने कुरकुर केली आणि माल भरून घेतला. बोटीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोठीत तळाशी कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी मांडणी झाली.

शांततेच्या काळात स्फोटके भरलेली बोट गोदीच्या आत येऊच देत नसत. तिने बाहेर, भर पाण्यात नांगर टाकायचा आणि पडावांतून माल उतरवायचा, असा शिरस्ता होता. युद्धाच्या निकडीने तो शिरस्ता बाजूला ठेवला गेला. स्फोटके असलेल्या बोटीने लाल बावटा लावायचा, हाही एक शिरस्ता होता. तो बावटाही या बोटीवर नव्हता. म्हणजे दोन्ही बाजूंच्या बोटींवरील माणसांना आपल्या शेजारी काय येऊन उभे राहिले आहे याचा पत्ता नव्हता.

इथे वाचकाने जरा थांबावे. आतापर्यंत कोणीही बेकायदा असे काही केलेले नाही. प्रत्येक सवलतीला कारण होते, आणि ते कारण खोटेही नव्हते. नियम मोडणारा माणूस ओळखता येतो. नियम सैल करणारी निकड मात्र सर्वांना आपलीच वाटते.

*

१४ एप्रिल, शुक्रवार. सकाळपासून गोदी कामगारांच्या टोळ्या माल उतरवत होत्या. साडेबाराला जेवणाची सुटी झाली. कामगार वर आले. या सुटीत, साडेबारा ते दीडच्या दरम्यान, शेजारच्या बोटींवरील काही जणांना फोर्ट स्टिकीनमधून धुराची बारीक रेघ वर येताना दिसली. त्यांनी पाहिले, एकमेकांना दाखवले आणि आपापल्या कामाला लागले. बोट त्यांची नव्हती. त्या बोटीवर तिची माणसे असतीलच, त्यांना दिसलेच असेल, तेच काय ते पाहून घेतील. असा साधा, निरुपद्रवी विचार त्यांनी केला. आपण सारेच दिवसातून दहा वेळा असा विचार करतो.

सुटी संपून कामगार परत कोठीत उतरले तेव्हा आग लागल्याचा आरडाओरडा झाला. दोनचा सुमार होता. बोटीवरच्या खलाशांनी पाणी सुरू केले. अग्निशामक दलाकडे वर्दी गेली, पण ती साध्या आगीची वर्दी म्हणून. स्फोटकांचा उल्लेख तीत नव्हता. त्यामुळे आधी दोनच बंब निघाले. बोटीत काय भरले आहे हे बंबवाल्यांच्या नायकाला धक्क्यावर आल्यानंतर कळले. त्याने तातडीने मोठी कुमक मागवली. मग बंबांमागून बंब येऊ लागले, आणि दलाचे मुख्य अधिकारी नॉर्मन कूम्ब्स स्वतः हजर झाले.

आता धक्क्यावर कोण कोण होते ते पाहा. बोटीचा कप्तान नेस्मिथ होता. बोट त्याच्या हुकमतीत. गोदीचे व्यवस्थापक आले होते. गोदी पोर्ट ट्रस्टची, आणि पोर्ट ट्रस्ट म्हणजे १८७३ साली स्थापन झालेली स्वतंत्र संस्था. कूम्ब्स होते, त्यांचे दल मुंबई महापालिकेचे. लष्कराच्या दारूगोळा खात्याचा अधिकारी कॅप्टन ओबर्स्ट आला. स्फोटके त्याच्या खात्याची. आरमाराची माणसे होती. बंदरातल्या युद्धनौकांची चिंता त्यांना. आणि ज्या सरकारी खात्याच्या मालकीची ती बोट होती ते खाते तर लंडनला होते. गोदी एकाची, बोट दुसऱ्याची, दारू तिसऱ्याची, बंब चौथ्याचे. आग मात्र एकच.

यांत अडाणी कोणी नव्हता. उलट प्रत्येक जण आपापल्या कामात मुरलेला होता. दारूगोळा खात्याच्या अधिकाऱ्याने बोटीतल्या मालाचा नकाशा पाहिला आणि कप्तानाला सांगितले की, ही बोट वाचवायची नाही, बुडवायची; नाहीतर सगळी गोदी जाईल. त्यावर असे निघाले की, गोदीतले पाणी इतके उथळ आहे की बोट बुडली तरी पुरती बुडणार नाही. दुसरे मत पडले की, बोट ओढून बाहेर समुद्रात न्यावी. पण मग धक्क्यावरून चाललेले पाणी तोडावे लागेल, आणि आग तर आणखी भडकेल. बंबवाल्यांचे म्हणणे, आम्हांला थोडा अवधी द्या. प्रत्येक सल्ल्यात तथ्य होते आणि प्रत्येक सल्ल्यावर आक्षेपही खरा होता. सल्ला देणारे पुष्कळ होते. त्यांतला एक सल्ला उचलून 'हे करा' असे सर्वांना बजावण्याचा अधिकार मात्र नेमका कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कप्तानाने बोट बुडवावी, तर ती सरकारी मालमत्ता. दुसऱ्या कोणी बुडवावी, तर ती त्याची बोट नव्हे.

दरम्यान बंबांचे पाणी कोठीत पडत होते. धुरामुळे आगीचे मूळ दिसेना, म्हणून दिसेल त्या दिशेने पाणी मारावे लागे. सुमारे नऊशे टन पाणी त्या बोटीत गेले. परंतु कापूस पाण्यावर तरंगतो. पाणी चढत गेले तशा जळत्या गासड्या वर वर सरकत गेल्या, आणि वर होती स्फोटके. बोटीच्या बाहेरच्या पत्र्यावर एके ठिकाणचा रंग फोड येऊन सुटू लागला, तेव्हा आगीचे मूळ कुठे आहे ते कळले. तिथे भोक पाडून पाणी आत घालावे म्हणून पत्रा कापण्याचे गॅसचे यंत्र आणले. ते ऐन वेळी चालले नाही.

पावणेचारच्या सुमारास धुराचा रंग पालटला आणि ज्वाळा डोलकाठीच्याही वर गेल्या. तीन पन्नासला कूम्ब्सनी आपल्या माणसांना बोटीवरून उतरण्याची आज्ञा केली. त्या दुपारी दिलेल्या हुकमांपैकी निःसंदिग्ध असा हा एक. माणसे खाली उतरली. पण धक्का सोडून गेली नाहीत. खाली उभे राहून त्यांनी होजपाइप पुन्हा हातात घेतले आणि पाणी चालू ठेवले. बंदरात दुसरीकडे काम चालूच होते. सामान्य कामगारांना, हमालांना, गाडीवानांना 'पळा' असे कोणी सांगितलेच नव्हते.

चार वाजून सहा मिनिटांनी फोर्ट स्टिकीनचा स्फोट झाला.

*

त्या स्फोटाचे वर्णन करण्यात मला रस नाही. आणि खरे सांगायचे तर तो जवळून पाहिलेल्यांपैकी पुष्कळ जण ते सांगायला उरलेही नाहीत. बोटीचे दोन तुकडे झाले. दहाबारा किलोमीटरपर्यंत घरांच्या काचा फुटल्या. शेजारीच उभी असलेली 'जलपद्मा' ही सिंदिया कंपनीची चार हजार टनांची बोट लाटेने उचलली गेली आणि तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या गुदामाच्या छपरावर जाऊन टेकला. त्या दृश्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा स्फोट झाला. जळता कापूस आणि तापलेले लोखंड मांडवी, मशीद बंदर, दाणाबंदर या दाट वस्तीवर आणि गुदामांवर पावसासारखे कोसळले. लोकांना वाटले जपान्यांनी बॉम्ब टाकले.

गोदीपासून मैलभर अंतरावर एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट येऊन पडली. वीट कसली, साडेबारा किलोंचा ठोकळाच. त्याने ती सरकारजमा केली, आणि मिळालेले बक्षीसही आपद्‌ग्रस्तांच्या निधीला देऊन टाकले. मुंबईचे पाणी असे आहे! त्या सोन्यातल्या आणखी विटा पुढे कित्येक वर्षे गाळ उपसताना सापडत राहिल्या.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. सरकारी गणतीप्रमाणे सात-आठशे माणसे मेली. इतर अंदाज हजाराच्या पुढे जातात. गोदीत त्या दिवशी रोजंदारीवर किती माणसे होती याचा नेमका हिशेब नसल्यामुळे मेलेल्यांचाही हिशेब कधी पुरा लागला नाही. दहाबारा बोटी बुडाल्या किंवा निकामी झाल्या. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य खाक झाले, तेही बंगालात माणसे अन्नावाचून मेल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत. गोदी साफ करून पुन्हा चालू करण्यासाठी सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबत होती. आणि धक्क्यावर होजपाइप धरून उभे असलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान गेले. कूम्ब्स वाचले.

ही बातमी मुंबईच्या बाहेर कशी गेली? जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली. आपल्या सरकारची बातम्यांवरची बंदी उठायला मात्र मेचा दुसरा आठवडा उजाडावा लागला. घरासमोर जळत असलेली गोदी मुंबईकर डोळ्यांनी पाहत होता आणि तिच्याविषयी वर्तमानपत्रात वाचण्याची त्याला मनाई होती. लाल बावटा न लावण्यात जी वृत्ती होती तीच इथेही दिसते : शत्रूला कळू नये म्हणून जे लपवले ते आधी आपल्याच माणसांपासून लपले.

पुढे चौकशी आयोग बसला. आग बहुधा कोणाच्या तरी विडी-सिगारेटच्या ठिणगीने लागली असावी, असे ठरले. परंतु ठिणगी हे निमित्त. युद्धाच्या निकडीने स्फोटकांची बोट गोदीत येऊ देणे, कापूस आणि स्फोटके एकाच कोठीत ठेवणे, आणि आग लागल्यावर प्रसंगाचे गांभीर्य ओळखून वेळीच जोराने पावले न उचलणे, ही खरी कारणे होत, हे चौकशीतून पुढे आले. सरकारने जबाबदारी पत्करली आणि भरपाईसाठी खास वटहुकूम काढला.

मी कादंबऱ्या लिहितो. या हकीकतीत मी एक खलनायक पुष्कळ शोधला. तो असता तर गोष्ट सोपी झाली असती. कोणी लाच खाल्ली असती, कोणी पळून गेला असता, कोणी दारू पिऊन पडला असता, तर त्याच्या माथी खापर फोडून आपण मोकळे झालो असतो. पण नेस्मिथ पळाला नाही; तो आपल्या बोटीपाशीच मेला. गोदीतली आणि बंबावरची माणसेही जिथे होती तिथेच राहिली. माणसे चांगली, शूर आणि जाणकार असूनही अनर्थ होऊ शकतो, हे मान्य करायला कादंबरीकाराला जड जाते. वाचकालाही जात असेल. आणि म्हणूनच या प्रश्नाचा विचार करणाऱ्या शास्त्राची गरज पडते.

*

ते शास्त्र जन्मले तेही एका बंदरातल्या स्फोटातूनच. मुंबईच्या आधी सत्तावीस वर्षे, पहिल्या महायुद्धात, कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात हेच नाटक जवळजवळ याच संवादांनी झाले होते. ६ डिसेंबर १९१७ च्या सकाळी 'माँ ब्लाँ' या फ्रेंच बोटीची 'ईमो' या नॉर्वेजियन बोटीशी टक्कर झाली. माँ ब्लाँवर जवळजवळ तीन हजार टन स्फोटके होती. तिथेही युद्धापूर्वी अशा बोटींना आतल्या बंदरात मज्जाव होता आणि पाणबुड्यांच्या भीतीने तो उठवला गेला होता. तिथेही बोटीवर लाल बावटा नव्हता. आग पाहायला माणसे धक्क्यावर जमली, मुले खिडक्यांत उभी राहिली. नऊ वाजून गेल्यावर चार-पाच मिनिटांनी स्फोट झाला. सुमारे दोन हजार माणसे मेली. खिडकीच्या काचांतून पाहत होते त्यांतल्या कित्येकांचे डोळे गेले. हॅलिफॅक्सच्या अग्निशामक दलाचे नऊ जण, आपल्या प्रमुखासह, तिथे पडले.

तिथे एक गोष्ट मात्र वेगळी घडली. रेल्वेच्या तारखात्यातला व्हिन्सेंट कोलमन नावाचा कर्मचारी बोटीत काय भरले आहे ते कळल्यावर पळायला निघाला होता. मग त्याच्या ध्यानात आले की, उतारूंनी भरलेली एक गाडी शहराच्या दिशेने येते आहे. तो परत फिरला, गाड्या थांबवण्याविषयी तार केली, आणि स्फोटात मेला. त्याच्या तारेमुळे बाहेरच्या स्थानकांना संकटाची खबर पहिल्यांदा लागली. हुद्द्याने तो लहान. पण तारयंत्रावर काय पाठवायचे हे ठरवायला त्याला कोणाला विचारावे लागले नाही. त्याचे काम आणि त्याचा अधिकार एकाच टेबलावर होते.

त्या हॅलिफॅक्समध्ये सॅम्युएल हेन्री प्रिन्स नावाचा एक धर्मोपदेशक राहत होता. त्याने स्फोटानंतर शहराचे जे झाले ते डोळ्यांनी पाहिले आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला. तो १९२० साली प्रसिद्ध झाला. एखाद्या मानवी समाजावर अरिष्ट कोसळते तेव्हा तो समाज कसा वागतो, जुन्या व्यवस्था कशा मोडतात आणि नव्या कशा उभ्या राहतात, याचा पद्धतशीर अभ्यास करणारा हा पहिला ग्रंथ मानतात. एरवी अशा प्रसंगी माणूस दैवाला दोष देतो, नाहीतर एखाद्या अभाग्याला. दैव आणि अभागी यांच्या मध्ये 'व्यवस्था' नावाची तिसरी गोष्ट असते, आणि ती अभ्यासता येते, सुधारता येते, हे प्रिन्सच्या वाटेने जाणाऱ्यांनी दाखवून दिले.

पण शास्त्र ग्रंथात येणे वेगळे आणि धक्क्यावर येणे वेगळे. प्रिन्सच्या ग्रंथानंतर चोवीस वर्षांनी मुंबई जळाली. मुंबईनंतर तीनच वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात खताने भरलेल्या बोटीला आग लागली. रंगीत धूर पाहायला लोक जमले, स्फोट झाला, सुमारे पावणेसहाशे माणसे गेली. गावच्या अग्निशामक दलातल्या अठ्ठावीस स्वयंसेवकांपैकी सत्तावीस त्यांत होते.

अखेर १९७० साली कॅलिफोर्नियात रानवणवे पेटले. तेरा दिवसांत सोळा माणसे आणि सातशेवर घरे गेली. नंतर तपास करणाऱ्यांच्या ध्यानात आले की, बंब कमी नव्हते, माणसे कमी नव्हती, धैर्यही कमी नव्हते. वेगवेगळ्या खात्यांची माणसे एका आगीवर आली होती. प्रत्येकाचा साहेब निराळा, शब्द निराळे, बिनतारी यंत्रे निराळी. यातून एक पद्धत निघाली. तिचे सार आपल्या घरच्या लग्नात दिसते. मांडवात शंभर माणसे राबत असतात, पण कोठीची किल्ली एका मामीच्या कमरेला असते आणि आचाऱ्याला ती सांगेल तेच प्रमाण. मामीपेक्षा वडीलधारे पुष्कळ असतात, पण त्या दिवशी कोठी तिची. संकट येण्याआधीच ठरवून ठेवायचे की, ते आल्यावर हुकूम कोणाचा चालेल. मग तिथे येणारा अधिकारी हुद्द्याने कितीही मोठा असो.

आपल्याकडे हे यायला आणखी काळ गेला. १९९३ साली लातूर-उस्मानाबादकडच्या भूकंपात हजारो माणसे गेल्यानंतर महाराष्ट्राने जिल्ह्याजिल्ह्यांचे आपत्तीचे आराखडे करायला घेतले. २००५ साली देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि जिल्ह्याच्या पातळीवर कलेक्टराच्या हाती सूत्रे देण्यात आली. २०१० साली राष्ट्रीय प्राधिकरणाने घटनास्थळी अधिकार कोणाकडे असावा याची पद्धत छापून काढली. १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत जे एक वाक्य हवे होते, ते सरकारी कागदावर यायला सहासष्ट वर्षे लागली. गेलेले जवानही सहासष्टच होते. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळते. तरी तो आकडा मनातून जात नाही.

आणि कागदावर आले म्हणजे झाले असेही नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदर उडाले. तिथल्या बारा नंबरच्या गुदामात सुमारे पावणेतीन हजार टन स्फोटक रसायन सहा वर्षे पडून होते. हे लपून राहिले नव्हते. जकात खात्याने न्यायालयाला एकामागून एक अशी निदान सहा पत्रे लिहिली होती : हा माल धोक्याचा आहे, त्याचे काय करावे ते सांगा. पत्रे गेली, फायलीला लागली. गुदाम होते तसेच राहिले. आग लागल्याची वर्दी आली तेव्हा दहा जणांचे पथक गेले. दाराच्या आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांतले कोणी परत आले नाही. शहरात दोनशेच्या वर माणसे मेली. तिथली दिरंगाई मुंबईसारखी दोन तासांची नव्हती, सहा वर्षांची होती. बाकी हकीकत आपल्या ओळखीची आहे.

*

लोकप्रशासनाचे पंडित या साऱ्यावर मोठमोठे ग्रंथ लिहितात, आणि ते लिहायलाच हवेत. माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यांतून दोनच गोष्टी वर्गात नेण्याजोग्या वाटतात. पहिली, धुराची रेघ दिसली तर ती आपली आहे की शेजाऱ्याची हे न पाहता ओरडायचे. दोघातिघांनी ओरडले तर फार तर हसे होईल; कोणीच न ओरडल्याने काय होते ते आपण पाहिले. दुसरी, जिथे चार जण मिळून काम करतात तिथे काम सुरू होण्याआधीच विचारायचे, 'अडचण आली तर कोणाचे ऐकायचे?' मुलांची सहल निघताना मी हा प्रश्न विचारतो. त्यात कोणाचा अवमान नसतो. उत्तर ठरलेले असले म्हणजे ऐन वेळी शहाण्या माणसांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे लागत नाही.

१४ एप्रिल हा दिवस आपण महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी देशभरातली अग्निशामक दले आपला स्मृतिदिन पाळतात आणि तिथून पुढे आठवडाभर 'अग्निशमन सेवा सप्ताह' असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो स्मृतिदिन व्हिक्टोरिया गोदीतल्या त्या जवानांचा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या अंगणात पणत्या लागतील, मुले फटाके उडवतील, घराघरांत फराळाची ताटे फिरतील. त्या रात्री शहरातल्या प्रत्येक अग्निशामक केंद्रात गणवेश चढवून काही माणसे बसलेली असतात. वर्षातली सर्वांत धावपळीची रात्र त्यांची हीच. घरची लक्ष्मीपूजा त्यांनी बायकोवर सोपवलेली असते. घंटा वाजली की ते निघतात, आणि समोर काय पेटले आहे, आत काय भरले आहे, हे त्यांना कोणीतरी खरे सांगेल अशा भरवशावर निघतात. तेवढे आपण त्यांना सांगू या.